नववीतल्या मुलीला इंजिनिअरिंगचा कोर्स लावावा का?

गंगाखेड तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. मुलगी नववीत, सेमी-इंग्रजी. घरातला मिक्सर बंद पडला तेव्हा तिनं तो उघडला, झिजलेले कार्बन काढले, ते नमुन्याला घेऊन बाजारात गेली, तसेच आणून बसवले. मिक्सर चालू झाला. तेव्हापासून 'मला इंजिनिअर व्हायचंय' सुरू आहे. मग एका ऑनलाइन संस्थेचा फोन आला: रोबोटिक्स, कोडिंग आणि एआयचा ६ महिन्यांचा कोर्स, २२,००० रुपये, शेवटी सर्टिफिकेट, आणि 'त्याचा पुढे इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला फायदा होतो'. दीर म्हणतात, पोरगी हुशार आहे तर लातूरला ठेवा, डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची तयारी करू द्या. ताईंचे प्रश्न दोन. कोर्स लावू का? आणि दहावीनंतर काय?

मी तंत्रनिकेतनात, म्हणजे पॉलिटेक्निकमध्ये, २४ वर्षं शिकवतोय. आधी वर्कशॉप सांभाळलं, आता इलेक्ट्रिकलला आहे. मराठवाड्यातल्या तीन जिल्ह्यांत बदल्या झाल्या. दहावी होऊन पहिल्या वर्षाला येणारी लेकरं दर वर्षी बघतो, त्यावरून सांगतो.

ताई, आधी त्या सर्टिफिकेटचं बघू. दहावीनंतरच्या इंजिनिअरिंग डिप्लोमाचा प्रवेश दहावीच्या मार्कांवर होतो, तंत्रशिक्षण संचालनालयाच्या कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून. डिग्रीचा प्रवेश बारावीनंतरच्या सीईटी किंवा जेईई या परीक्षांच्या गुणांवर. या कुठल्याही फॉर्ममध्ये खासगी कोर्सचं सर्टिफिकेट जोडायला रकानाच नाही. फोनवरच्या माणसाला एवढंच म्हणा, 'कुठल्या नियमात लिहिलंय ते पाठवा.' पुन्हा फोन येणार नाही, किंवा फी निम्म्यावर येईल.

म्हणजे सगळे कोर्स टाकाऊ, असं नाही. पण तीन वर्षांपूर्वीचं एक सांगतो. पहिल्या वर्षाची बॅच होती. एका मुलाकडे रोबोटिक्सची तीन सर्टिफिकेटं, पोरगा बोलायला चलाख. प्रॅक्टिकल साधं: १२ व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज मोजा. आदल्या बॅचनं करंट मोजला होता, त्यामुळे मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिलेली. यानं नॉब व्होल्टवर फिरवला, वायर कुठे आहे ते पाहिलंच नाही, आणि दोन्ही टोकं थेट बॅटरीला लावली. फाटकन ठिणगी उडाली, टोक काळं पडलं, मीटर गेला. 'सर, कोर्समध्ये सगळं सिम्युलेटरवर होतं,' म्हणाला. खरं बोलला बिचारा. शेजारच्या टेबलावर मानवतकडचा एक मुलगा होता, वडिलांचं मोटार बांधायचं दुकान. त्यानं मीटर हातात घेतला, पहिल्यांदा उलटा करून फ्यूज आहे का बघितलं, मग वायर कुठल्या भोकात आहे ते बघितलं, नॉब फिरवला, आणि मग टोकं लावली. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. दुकानात मीटर जाळला की वडील काय म्हणतात ते त्याला ठाऊक होतं.

तुमच्या मुलीनं कार्बन बदलले ही गोष्ट मला त्या तीन सर्टिफिकेटांपेक्षा मोठी वाटते. पण तिला एक विचारा: कार्बन झिजलेत हे तुला आधी कळलं होतं, की उघडल्यावर दिसलं? आणि तो कार्बन तिथे करतो काय? उत्तर आलं नाही तर काही बिघडलं नाही. पण पुढच्या वर्षी दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा येईल. त्यात विद्युत मोटरीची आकृती आहे, आणि त्या आकृतीत फिरत्या भागाला टेकलेले ब्रश दाखवलेत. तेच मिक्सरचे कार्बन. धडा आणि मिक्सर एकच आहेत हे ज्या दिवशी तिला स्वतःला उमगेल, तो तिचा इंजिनिअरिंगचा पहिला तास. (उघडताना प्लग सॉकेटमधून काढलेला असू द्या. बटण बंद म्हणजे वीज बंद, असं समजू नका. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले मी कितीदा पाहिलेत.)

आता नववी-दहावीत काय करता येईल ते सांगतो.

आधी शाळेतच विचारा. काही शाळांत 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय असतो, आयबीटी म्हणतात. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढला, तिथून हा विषय आला. वेल्डिंग, वायरिंग, शेती, घर-आरोग्य असं सगळं हातानं करायचं असतं. काही ठिकाणी शासकीय तांत्रिक विद्यालयाचं केंद्र असतं, आसपासच्या शाळांची मुलं तांत्रिक विषयाला तिथे जातात. आणि काही शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे. नीती आयोगाच्या योजनेतून अशा शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, त्यात थ्रीडी प्रिंटर, आर्डुइनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा सर्किट बोर्ड), सेन्सर सगळं येतं. हे सामान कुलपात आहे की मुलांच्या हातात, ते मात्र शाळेत जाऊन बघावं लागतं. मी एका लॅबमध्ये परीक्षक म्हणून गेलो होतो. थ्रीडी प्रिंटरवर शाल पांघरलेली होती, धूळ बसू नये म्हणून. आधीच्या पाहुण्याला दिलेली शाल असावी. तुमच्या किंवा शेजारच्या शाळेत लॅब असेल तर मुख्याध्यापकांकडे जाऊन किल्ली मागा. मागणारं कुणी आलं तर बहुतेक मुख्याध्यापकांना आनंदच होतो.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून जरा लांबवतो. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा. एलिमेंटरी दिली असेल तर इंटरमिजिएट द्यायला लावा. आई-वडील त्याकडे दहावीचे वाढीव मार्क म्हणून बघतात. मी बघतो ते त्यातल्या भूमितीच्या पेपरकडे. इंटरमिजिएटला घनभूमिती असते: वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी दिसते. आमच्याकडे पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ड्रॉइंग नावाचा विषय आहे, आणि दहावीला ९२ टक्के मिळवलेली मुलं तिथे येऊन अडकतात. पाठ करण्यासारखं काही नसतं ना. वस्तू डोक्यात फिरवावी लागते. घरी एक करून बघा. साबणाची नवी वडी घ्या, तिचा एक कोपरा सुरीनं तिरपा कापून टाका. आता मुलीला सांगा, समोरून, वरून आणि बाजूनं अशी तीन चित्रं काढ, मोजून, पट्टीनं, आणि तिरप्या कापाची रेघ तिन्ही चित्रांत जिथे यायला पाहिजे तिथेच आली पाहिजे. पहिल्या खेपेला बहुतेकांची एक रेघ चुकते. बरोबर आली की दुसरा कोपरा कापा. दहा रुपयांच्या साबणात चार धडे होतात, वर साबण वापरताही येतो.

तिसरं, एक वस्तू स्वतः करू द्या. रोबोट नको. पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटी. तुमच्या गावात पाणी कधी येतं हे तुम्हाला माहीत. मोटार लावायची, विसरायचं, आणि अंगणात चिखल. सामान: ९ व्होल्टची बॅटरी, छोटा बझर, बीसी ५४७ नावाचा ट्रान्झिस्टर, १० किलोओहमचा एक रेझिस्टर, दोन लांब वायरी. परभणी-नांदेडला टीव्ही दुरुस्त करणारे जिथून सुटे भाग घेतात त्या दुकानात हे सगळं शंभर-दीडशेत मिळेल. एक वायर बॅटरीच्या प्लसपासून टाकीच्या तळाशी, दुसरी टाकीच्या तोंडाशी. तोंडाजवळची वायर रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या 'बेस' नावाच्या पायाला. पाणी वरच्या वायरीला टेकलं की पाण्यातून अगदी थोडा करंट जातो, ट्रान्झिस्टर तो मोठा करतो, बझर वाजतो. आपलं बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की घंटी पहिल्या झटक्यात वाजते. आधी बादलीत करू द्या.

इथवर तर विज्ञान प्रदर्शनातही असतं. पण महिन्याभरानं एक दिवस टाकी वाहील आणि घंटी वाजणार नाही. मुलगी बॅटरी बदलेल, तरी नाही. मग वायर बाहेर काढून बघेल तर तांब्याच्या टोकावर हिरवट-काळा थर, आणि तार बारीक झालेली. हे का झालं, दोन्ही वायरींचं झालं की एकाच, तांब्याऐवजी काय वापरावं (स्टीलच्या जुन्या चमच्याचा दांडा चालतो का?), की पाण्याला वायर लावायचीच नाही आणि तरंगणारा डबा वापरायचा? त्या आठवड्यात तुम्ही काही सांगू नका, मोबाइलवर उत्तर शोधूनही देऊ नका. ती वैतागून सोडून देते की वहीत चित्रं काढत बसते, एवढं फक्त बघा. २२ हजारांचा कोर्स मुलाला आवडतो का हे कळायला ६ महिने लागतात. हे दीडशे रुपयांत आणि एका महिन्यात कळतं.

असं काही मनापासून केलेलं असेल तर शाळेमार्फत इन्स्पायर-मानकला पाठवा. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना आहे, निवड झाली तर नमुना तयार करायला १०,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात. फक्त सिरिंजवर चालणारी जेसीबी पाठवू नका. ती मी तालुका पातळीवर इतक्या वेळा पाहिलीय की परीक्षकांनी आपसात तिला नाव ठेवलंय.

दिवाळीच्या सुट्टीत आणखी एक. ओळखीचं मोटार बांधायचं दुकान असेल, मालक घरच्यासारखा असेल, तर आठवडाभर दोन-दोन तास मुलीला तिथे बसू द्या. त्याच दिवसांत हरभऱ्याला-गव्हाला पाणी सुरू होतं आणि दुकानापुढे जळालेल्या मोटारी रांगेनं पडतात. तिनं काम करायची गरज नाही, वही घेऊन बसायचं. प्रत्येक मोटारीचं लिहायचं: किती एचपी, कशानं जळाली. ५ एचपीची मोटार म्हणजे ३.७३ किलोवॅट, थ्री फेजवर साधारण साडेसात अँपिअर घेते. मग जळते का? दहा मोटारी लिहून झाल्या की तिला दिसेल, बहुतेक वेळा एक फेज गेलेला असतो, उरलेल्या दोन फेजवर मोटार ओढत राहते आणि करंट वाढतो. स्टार्टरमधला रिले अशा वेळी मोटार बंद करायला असतो, पण तो 'सारखा ट्रिप होतोय' म्हणून शेतकऱ्यानं वायर टाकून डायरेक्ट केलेला असतो. रात्री दोनला लाइट येणार, पुन्हा पुन्हा उठून कोण चालू करणार? शेतकऱ्याचंही चूक म्हणता येत नाही. तंत्र आणि माणूस यांची अशी अडचण एकत्र बघायला मिळेल असा कोर्स अजून माझ्या पाहण्यात नाही.

कोडिंगचं म्हणाल तर ते शिकावंच, पण फुकट. स्क्रॅच या मुलांसाठीच्या कोडिंगच्या भाषेनं सुरुवात करा, मग पायथन. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर बरेच धडे मराठी आवाजात आहेत. आर्डुइनोचा साधा बोर्ड पाचशेच्या आसपास येतो, तो दहावीच्या सुट्टीत आणा.

आणि गणित. इथे मी जरा कडक बोलतो. नववी-दहावीत पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या गणिताच्या शिकवणीवर करा. डिप्लोमाच्या पहिल्या सेमिस्टरला मुलं नापास होतात ती बहुतेक गणितात: लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, मॅट्रिक्स. दहावीच्या भूमितीतल्या त्रिकोणमितीच्या प्रकरणाला मुलं 'थोड्या मार्कांचं' म्हणून बाजूला टाकतात. आमच्या पूर्ण विषयाचा पाया तिथे आहे. सीईटीचं बघा: गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, प्रत्येकी १. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. 'आयआयटी फाउंडेशन' म्हणून आठवीपासून जे क्लास चालतात, त्यांबद्दल मला एवढंच म्हणायचंय: शाळेचं गणित पक्कं नसलेल्या लेकराला तिथे फक्त आपण मागे आहोत हे कळतं.

आता दहावीनंतर.

दोन रस्ते. डिप्लोमा ३ वर्षं आणि मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आणखी ३. किंवा अकरावी-बारावी आणि ४ वर्षांची डिग्री. दोन्हीकडे ६ वर्षंच. डिप्लोमात वर्ष वाया जातं हा गावोगावचा गैरसमज आहे. डिप्लोमा झाला की हातात पदविकेचा कागद असतो, घरची परिस्थिती बदलली तर नोकरी धरता येते. बारावी सायन्सनंतर तसं नाही. उलट बाजूही सांगतो. डिप्लोमाची मुलं डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जातात तेव्हा गणितात धापा टाकतात, कारण बारावीचं कॅल्क्युलस त्यांनी वरवर केलेलं असतं. आणि आयआयटीचं मनात असेल तर रस्ता अकरावी-बारावीचाच धरावा. वस्तू उघडून बघणारी, हातानं शिकणारी पोरगी असेल तर माझा कौल डिप्लोमाला. पुस्तक घेऊन चार तास एका जागी बसणारी असेल तर अकरावी.

तुमच्यासाठी एक खास: लातूरला मुलींसाठी शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतन आहे. दीर लातूर म्हणताहेत ना, लातूर हेही आहे. शिवाय लातूरचं पूरणमल लाहोटी, नांदेड, जिंतूर, हिंगोली, बीड, अंबड अशी शासकीय तंत्रनिकेतनं जवळपास आहेत. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा एमआयडीसीत दोन ठिकाणं आहेत, आपल्या भागात फार कमी पालकांना माहीत असतात. इंडो-जर्मन टूल रूम, तिथे दहावीनंतर ४ वर्षांचा टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा. आणि सिपेट ही केंद्र सरकारची प्लास्टिक तंत्राची संस्था, तिथे प्लास्टिक आणि मोल्डचे ३ वर्षांचे डिप्लोमे. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा असते आणि तारखा कॅपपेक्षा वेगळ्या, म्हणून दहावीच्या परीक्षेनंतर लगेच लक्ष ठेवा. साचे बनवणारा कारागीर-इंजिनिअर वाळूजच्या कारखान्यांत सहसा रिकामा बसत नाही. पुढे डिग्रीला जायचं झालं तर नांदेडचं श्री गुरु गोविंदसिंगजी (१९८१ चं) आणि संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी (१९६० चं) ही दोन नावं डोळ्यांपुढे ठेवा.

कागदपत्रांचं आत्ताच बघा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधता. जूनमध्ये सेतूवर गेलात तर रांग बघून परत याल. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण दाखला हातात नसेल तर माफी कागदावरच राहते.

नीटबद्दल दिरांशी भांडू नका. त्यांना मुलीचं चांगलंच हवंय, आणि लातूरनं डॉक्टर घडवलेत हे खोटं नाही. फक्त मुलीला जीवशास्त्राच्या तासाला काय वाटतं, हे एकदा दिरांच्या समोर तिलाच विचारा.

एक माझी चूक सांगतो, कारण ती तुमच्या मुलीच्या कामाची आहे. १५ वर्षांपूर्वी वसमतकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे आले. तिला मेकॅनिकल पाहिजे होतं. मी म्हणालो, 'दादा, वर्कशॉप, लोखंड, ग्रीस... मुलीला कॉम्प्युटर घ्या.' वडिलांना तेच ऐकायचं होतं. ती कॉम्प्युटर करून पास झाली, पुण्यात नोकरीलाही लागली. निरोप घ्यायला आली तेव्हा वर्कशॉपच्या दाराशी उभी राहिली. आत मुलं कानशीनं लोखंडाचा तुकडा घासत होती, ५० बाय ५० चा चौकोन काटकोनात आणायचा असतो. एकाचा तुकडा तिनं हातात घेतला, गुण्या लावला, उजेडाकडे धरला. दोन्ही टोकांशी फट दिसत होती. 'याच्या मधे पोट आलंय सर,' म्हणाली. सगळ्यांचंच येतं पहिल्यांदा, कानस हातात डुलते म्हणून. पण ते तिला उजेडात दिसलं, शिकवल्याशिवाय. त्यानंतर मी कुठल्याही मुलीच्या वडिलांना शाखा सुचवलेली नाही. आज चिकलठाण्यात-वाळूजमध्ये असेंब्लीला, क्वालिटीला मुली उभ्या दिसतात. तुमची मुलगी मेकॅनिकल म्हणाली किंवा इलेक्ट्रिकल म्हणाली तर तेवढंच धरा.

तर त्या २२ हजारांचं असं करा: मल्टिमीटर, छोटी सोल्डरिंग गन, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची पाटी), घंटीचं सामान, इंटरमिजिएटची फी आणि एक बरीशी कंपासपेटी, सगळं मिळून ३ हजारांच्या आत बसेल. उरलेले गणिताच्या शिकवणीला, आणि त्यातून उरतील ते दहावीनंतरच्या होस्टेलला ठेवा.

घंटी बंद पडली की मला कळवा. किती दिवस चालली आणि कुठली वायर खाल्ली गेली, प्लसची की दुसरी, तेवढं मात्र मुलीलाच लिहू द्या.